एमजीबीची ताकद शिशासोबत गेली नाही

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांना जुनी एमजीबी, ही साठ-सत्तरच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायची आहे आणि दोन गाड्या बघून झाल्या आहेत. एक १९६७ ची: क्रोमचे बंपर, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग), कागदावर ९५ हॉर्सपॉवर. दुसरी १९७६ ची: काळे रबरी बंपर, एकच कार्ब्युरेटर, कागदावर जेमतेम ६२. पण दुसरीचा पत्रा चांगला आहे आणि किंमत निम्मी. ते विचारतात, इंजिन तेच १७९८ सीसीचं, मग एक तृतीयांश ताकद गेली कुठे? बिनशिशाच्या पेट्रोलमुळे गेली का? आणि १९६७ ची घेतली तर आजच्या पेट्रोलवर तिचे व्हॉल्व्ह किती टिकतील?

आधी थोडक्यात सांगतो. ताकद घालवली ती धुराच्या नियमांनी, आणि त्यातली बरीचशी परत आणता येते, निदान यंत्राच्या बाजूने. शिसं गेल्याचा फटका बसतो तो व्हॉल्व्ह सीटला (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती कड), पण इतका सावकाश की फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हातात असेल तर तो येताना दिसतो. आजच्या पेट्रोलात धास्ती घ्यावी अशी गोष्ट म्हणजे इथेनॉल. त्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी पुढे सांगणार आहे.

शिसं पेट्रोलात आलं ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून होणारी खडखड, थांबवायला. जनरल मोटर्समधे काम करणाऱ्या टॉमस मिजली यांना १९२१ मधे टेट्राएथिल लेडचा हा गुण सापडला आणि १९२३ पासून असं पेट्रोल विकायला लागले. नॉकिंगची भीती गेल्यावर इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबायचं ते, वाढवता आलं. पन्नास-साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारची सगळी मिजास या एका गोष्टीवर उभी होती. सीटचं रक्षण हा त्यातला फुकटचा फायदा. तो कोणी मागितला नव्हता, आणि शिसं जाईपर्यंत फारसा कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

मग अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला. गाडीच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी कमी करा, असं त्याने कंपन्यांना सांगितलं. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय (एक्झॉस्टमधे धूर स्वच्छ करणारा डबा) गत्यंतर नाही हे बहुतेक कंपन्यांना कळून चुकलं. कन्व्हर्टरमधलं काम प्लॅटिनम करतं, आणि त्यावर शिशाचा थर बसला की ते कामातून जातं. म्हणून जुलै १९७४ पासून अमेरिकेतल्या मोठ्या पंपांना बिनशिशाचं पेट्रोल ठेवणं सक्तीचं झालं. त्या पंपाची नळी मुद्दाम बारीक केली आणि नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडही तेवढंच अरुंद ठेवलं, म्हणजे चुकून जुनं पेट्रोल पडायला नको. उरलेल्या पेट्रोलातलं शिसं टप्प्याटप्प्याने कमी केलं, त्यामागे मात्र आरोग्याचं कारण होतं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते पूर्ण बंद व्हायला १९९६ उजाडलं. ब्रिटनमधे १९९९ च्या अखेरीस ते सर्वसाधारण विक्रीतून गेलं.

आता ताकदीचं. कन्व्हर्टर १९७५ च्या सुमारास आले, पण इंजिनं त्याआधीच मवाळ व्हायला लागली होती. अमेरिकाभर १९६८ च्या मॉडेलपासून धुरावर मर्यादा आल्या. कॅलिफोर्नियाने तर १९६६ पासूनच सुरुवात केली होती. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या इंजिनाचा धूर साफ करायचा तर हाताशी उपाय मोजकेच होते: मिक्श्चर लीन करा (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), टायमिंग मागे घ्या (ठिणगी उशिरा), कॉम्प्रेशन उतरवा. यातला प्रत्येक उपाय दुसरीकडे काहीतरी बिघडवतो. लीन मिक्श्चरने कार्बन मोनॉक्साइड कमी होतो, पण ज्वलन तापलं की नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. टायमिंग मागे घेतलं की पेट्रोल उशिरा जळतं, उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधे जाते. धूर त्याने स्वच्छ होतो खरा, पण गाडी तापते आणि पिकअप मरतो.

शिशाचा ताकदीशी संबंध येतो तो कॉम्प्रेशनमधून. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी १९७० मधे ठरवलं की १९७१ ची आपली सगळी इंजिनं ९१ रिसर्च ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालली पाहिजेत (ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला तोंड द्यायच्या क्षमतेचं माप). म्हणजे कन्व्हर्टर यायच्या आत गाड्या कमी शिशाच्या पेट्रोलला तयार. कॉर्व्हेटच्या एलटी-१ इंजिनाचं कॉम्प्रेशन ११ वरून ९ वर आलं आणि ३७० हॉर्सपॉवरचे ३३० झाले. पुढच्या वर्षी त्याच इंजिनासमोर आकडा छापला २५५. या दुसऱ्या घसरणीत इंजिनाला जवळपास हातही लागला नव्हता. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन एकटं स्टँडवर ठेवून ताकद मोजायच्या. फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर काही नाही. १९७२ पासून हे सगळं लावून मोजायला लागल्या. त्यामुळे त्या काळाचे आकडे शेजारी ठेवून कोणी 'नियमांनी इंजिन मारलं' म्हणत असेल, तर मोजमाप कोणतं हे आधी विचारा.

एमजीबीची घसरण अशी कागदी नाही, ती गाडी चालवताना जाणवते. १९६८ च्या अमेरिकन मॉडेलला एअर पंप लागला. इंजिनावरून पट्ट्याने फिरणारा हा पंप हेडमधल्या (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) एक्झॉस्ट पोर्टात ताजी हवा फुंकतो आणि उरलंसुरलं पेट्रोल तिथे जळतं. एसयूमधेही बदल होत गेले: सुई स्प्रिंगने एका बाजूला टेकवलेली, थ्रॉटलच्या चकतीत छोटा व्हॉल्व्ह, पुढे एचआयएफ प्रकारात तापमानाप्रमाणे जेट हलवणारी द्विधातूची पट्टी. खरं सांगायचं तर हे सगळं सुबक काम आहे, आणि त्याने ताकद फारशी जात नाही. पंप काढून फेकला की दहा घोडे परत येतात, असं सांगणारे जागोजागी भेटतात. येत नाहीत. पंप खातो ती ताकद किरकोळ असते. ज्यांनी तो फेकला, त्यातले कॅलिफोर्नियावाले पुढे तोच पंप शोधत हिंडतात.

मोठे घाव दोन. १९७२ पासून अमेरिकेसाठीचं कॉम्प्रेशन ८.८ वरून ८ वर आलं. आणि १९७५ मॉडेलला दोन एसयू जाऊन एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आला, तोही अशा मॅनिफोल्डवर (हेडला जोडलेल्या नळ्या) ज्यात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच ओतीव तुकड्यात आहेत. येणारं मिक्श्चर तिथेच तापतं, आणि तो तुकडा वर्षानुवर्षं तापून तडकतो. त्याच्याखाली कन्व्हर्टर. रबरी बंपर आणि दीड इंच उचललेली गाडी यांचा धुराशी काही संबंध नाही, ते टकरीच्या आणि उंचीच्या नियमांचं देणं. पण वळणावर गाडी झुकते आणि लोक सगळं खापर 'स्मॉग'वर फोडतात.

ट्रायम्फ टीआर-६ चं उदाहरण आणखी बोलकं आहे. ब्रिटनमधे तिला लुकासचं यांत्रिक इंजेक्शन आणि १५० हॉर्सपॉवर. अमेरिकेत त्याच अडीच लिटरच्या इंजिनाला दोन स्ट्रॉमबर्ग आणि साधारण १०५. त्या इंजेक्शनवर अमेरिकेची धुराची परीक्षा पास होण्यातली नव्हती, म्हणून गाडी पहिल्यापासून कार्ब्युरेटरवरच पाठवली.

एमजी आणि ट्रायम्फ नुसत्या मंद झाल्या. पोर्शने मात्र नियम पाळण्याच्या नादात इंजिनाचं शरीरच दुखावलं. १९७४ च्या ९११ मधे २.७ लिटरचं इंजिन आलं, क्रँककेस (इंजिनाचा खालचा सांगाडा) मॅग्नेशियमचा. १९७५ पासून आधी कॅलिफोर्नियात आणि १९७७ पर्यंत सगळ्या अमेरिकेत तिला थर्मल रिअॅक्टर लावले. रिअॅक्टर म्हणजे एक्झॉस्टचा असा डबा, जो धूर मुद्दाम गरम ठेवतो, म्हणजे उरलेलं पेट्रोल त्यातच जळून जावं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पोटाशी ही भट्टी. त्यात कूलिंग फॅनची पाती अकरावरून पाचवर आणलेली. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम तापून जेवढे फुगतात तेवढे हेड आवळून धरणारे पोलादी स्टड फुगत नाहीत, आणि गरम मॅग्नेशियमची पकड आधीच मऊ. स्टडचे आटे केसमधून उपटून येतात. असं इंजिन उघडलं की हेडचे एक-दोन नट हाताने फिरतात आणि स्टड आट्यांसकट बाहेर येतो, आट्यांच्या खाचांत मॅग्नेशियमची चकाकती पावडर. उपाय म्हणजे केसमधे पोलादी बुश बसवणं, आणि ते एकदा नीट केलं की इंजिन उत्तम चालतं. १९७८ च्या ९११ एससीला पोर्शने ॲल्युमिनियमचा केस दिला. १९८० पासून अमेरिकन एससीला ऑक्सिजन सेन्सर आणि तीन वायू सांभाळणारा कन्व्हर्टर आला. मिक्श्चर क्षणाक्षणाला सेन्सर ठरवायला लागल्यावर कॉम्प्रेशन चक्क ९.३ पर्यंत वर नेता आलं. डॅटसननेही १९७५ ला २८०-झेड इंजेक्शनवर नेली ती याच नियमांपायी, आणि २६०-झेडच्या रडक्या कार्ब्युरेटरांसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत.

आता तुमच्या १९६७ च्या गाडीचे व्हॉल्व्ह.

आधी हेड कशाचं आहे ते बघायचं. ॲल्युमिनियमच्या हेडमधे सीट थेट कापता येत नाही, कठीण धातूची रिंग बाहेरून बसवावीच लागते. त्यामुळे जग्वारचं एक्सके इंजिन, अल्फा रोमिओ, पोर्श यांच्या मालकांनी शिशाची चिंता फारशी करू नये. एमजीबी, मिजेट, मिनी, टीआर-६ आणि बहुतेक अमेरिकन व्ही-८ यांची हेडं बिडाची, आणि सीट त्या बिडातच कापलेली. शिसं जळून त्याच्या क्षारांचा बारीक थर सीटवर बसायचा. तो नसला की लालबुंद एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांचे कण बंद होताना एकमेकांना चिकटतात, उघडताना सुटतात; सुटलेले कण ऑक्साइड होऊन सॅंडपेपरसारखं काम करतात. सीट आत आत झिजत जाते आणि व्हॉल्व्ह हेडमधे वर सरकत जातो.

झीज वेळेवर कमी, आरपीएम आणि लोडवर जास्त ठरते. रविवारी सकाळी गावात फिरवून आणलेल्या गाडीला वर्षानुवर्षं काही होत नाही. पण ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) नसलेली एमजीबी ७० मैलांच्या वेगाला जवळपास ४००० आरपीएमवर फिरते, आणि तुमच्याकडचे फ्रीवे तासन्‌तास तसेच चालतात. तेव्हा ओव्हरड्राइव्ह आहे का, हा प्रश्न तुमच्या सीटसाठीसुद्धा महत्त्वाचा आहे.

मोजायचं असं. व्हॉल्व्ह वर सरकला की त्याची दांडी वर येते आणि टॅपेटचा गॅप, म्हणजे दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, बुजतो. इंजिन थंड, प्लग काढलेले, कव्हर उघडलेलं. पुढून मोजलं तर एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह १, ४, ५ आणि ८. मेकॅनिक लोक नऊची बेरीज वापरतात: आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचा गॅप घ्या, पाचवा दाबलेला असेल तेव्हा चौथ्याचा, बेरीज नेहमी नऊ. गॅप १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३८ मिलिमीटर. नीट लावा, वहीत तारीख आणि मैल लिहा, आणि हजार मैलांनी पुन्हा मोजा. रॉकर आणि टॅपेट झिजले की गॅप वाढतो. गॅप कमी झालेला दिसला, तोही फक्त एक्झॉस्टचा, तर सीट झिजायला लागली असं धरा. चौथा आणि पाचवा यांच्यावर खास नजर ठेवा. मधल्या दोन सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट एकच असल्याने ते दोघे सगळ्यात तापतात. गॅप पूर्ण बुजला तर व्हॉल्व्ह टेकतच नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो. पण तिथपर्यंत गोष्ट पोचते ती कव्हर न उघडणाऱ्याच्या गाडीत.

गॅप टिकून असेल तर हेडला हात लावू नका. नुसत्या भीतीपोटी कठीण सीट बसवण्यात अर्थ नाही. ज्या दिवशी हेड दुसऱ्या कामासाठी उतरेल त्या दिवशी ते काम करून घ्या: एक्झॉस्टच्या चारही सीटला रिंग, सोबत स्टेलाइट (एक कठीण मिश्रधातू) लावलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि नवे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या). रिंग तीन-चार थाऊ घट्ट बसायला हवी. ढिली बसली तर चालत्या इंजिनात सुटते, आणि मग सीटचं राहू द्या, पिस्टनच बघायला लागतो. मशीनवाल्याला आधी क्रॅक तपासायला सांगा. या हेडांना सीटांच्या मधल्या पट्टीत क्रॅक जाण्याची सवय आहे, आणि क्रॅक गेलेल्या हेडमधे रिंग बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. साठ वर्षांत त्या हेडवर कोणीतरी काम केलंच असेल, म्हणून विकणाऱ्याकडे जुनी बिलं मागा. कदाचित रिंगा बसलेल्याही असतील.

अ‍ॅडिटिव्ह चालतात का? चालतात, पण सगळे नाहीत. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने शिसं बंद होण्याच्या सुमारास चाचण्या घेऊन काहींना मान्यता दिली होती. पोटॅशियम, सोडियम, मॅंगनीज किंवा फॉस्फरस यांचे क्षार शिशाच्या जागी सीटवर बसतात. एकच निवडा आणि त्यालाच धरून राहा. टाकीत टाकायच्या कथिलाच्या गोळ्या आणि नळीवरची लोहचुंबकं यांवर पैसे घालवू नका. ऑक्टेनचं म्हणाल तर तुमच्याकडचं ९१ चं प्रीमियम हे ब्रिटिश, म्हणजे रिसर्च ऑक्टेनच्या मापात साधारण ९५-९६ होतं. ८.८ कॉम्प्रेशनला ते पुरतं. चढावर टॉप गिअरला खडखडलं तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या, जास्त नको.

जाता जाता एक: जुन्या पुस्तकात प्लगचा आणि सायलेन्सरच्या तोंडाचा जो करडा रंग 'योग्य' म्हणून सांगितला आहे, तो शिशाचा होता. आज ठीक लावलेल्या गाडीचं सायलेन्सरही काळं दिसतं. ते पाहून मिक्श्चर लीन करत बसणारे लोक आपल्या हाताने व्हॉल्व्ह जाळतात.

मिक्श्चर लीन होण्याचं दुसरं कारण म्हणजे इथेनॉल. कॅलिफोर्नियात पंपावर दहा टक्के इथेनॉल असतंच. इथेनॉल स्वतःसोबत ऑक्सिजन आणतं, त्यामुळे दहा टक्क्यांना मिक्श्चर साधारण चार टक्के लीन होतं. सेन्सरवाली गाडी हे स्वतः सावरते, एसयूला मात्र सुई बदलून किंवा जेट खाली करून सांगावं लागतं. पण खरा धोका रबराचा. जुन्या पेट्रोलसाठी केलेली नळी आतून सुटते, तिचे काळे कण फ्लोटच्या सुईखाली अडकतात आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. एमजीबीचा इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहे, कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली तापलेला मॅनिफोल्ड. गाडी घरी आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी काढून आर-९ दर्जाची (इथेनॉल सोसणारी) बसवा, विकणाऱ्याने 'नवीनच आहे' सांगितलं तरी. नळीवर छापलेला दर्जा वाचा. काही छापलेलं नसेल तर ती नळी नकोच. स्ट्रॉमबर्गमधे याशिवाय रबराचा पडदा असतो, तो उजेडाकडे धरून बारीक चीर आहे का बघा. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

भारतात जुनी एमजी किंवा जग्वार सांभाळणाऱ्यांनी हेच दुप्पट मनावर घ्यावं. बिनशिशाचं पेट्रोल १९९५ मधे चार महानगरांत आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर आलं, त्याला आता पाव शतक होऊन गेलं. सीट जायच्या त्या गेल्या किंवा बदलून झाल्या. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मात्र अलीकडचं, आणि त्याने मिक्श्चर आठ टक्क्यांच्या आसपास लीन होतं. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात ट्रॅफिकमधे उभ्या गाडीच्या फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं ते वेगळंच.

ऑइलबद्दलही दोन शब्द. कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही, म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २००४ च्या एसएम दर्जापासून पातळ ऑइलमधला फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणला. जुन्या इंजिनाच्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि त्यावर घासणाऱ्या सपाट टॅपेटला वाचवणारं झिंक-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह त्यासोबत कमी झालं. म्हणजे तुमच्या १९६७ च्या गाडीला कन्व्हर्टर नसला तरी त्याचा नियम तिच्या कॅमपर्यंत पोचला. २०डब्ल्यू-५० ग्रेडला ही मर्यादा लागू नव्हती आणि एमजीबीला हवं असतं तेच. नव्या गाडीचं उरलेलं ५डब्ल्यू-३० तिच्यात ओतू नका.

मग कोणती घ्यायची? ही गोष्ट कॅलिफोर्निया ठरवतं. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना तिथे स्मॉग तपासणी नाही, १९७६ पासूनच्यांना आहे. १९६७ च्या गाडीत तुम्ही हवं ते करा. १९७६ च्या गाडीत मी वर 'परत आणता येते' म्हटलेली ताकद, म्हणजे दोन एसयू, वेगळा एक्झॉस्ट, वाढवलेलं कॉम्प्रेशन, हे सगळं इंजिनाला मानवतं पण तपासनिसाला चालत नाही. तो पंप, कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ शोषणारी कोळशाची डबी आणि नळ्या जागच्या जागी आहेत का हे डोळ्यांनी बघतो. तुम्हाला नुसती उघड्या टपाची गाडी समुद्रकाठाने चालवायची असेल तर १९७६ ची वाईट नाही. पत्र्याचं काम इंजिनाच्या कामापेक्षा नेहमी महाग पडतं, आणि नीट लावलेली ६२ हॉर्सपॉवरची एमजीबी तिच्याबद्दल ऐकू येतं तेवढी मेलेली नसते. बऱ्याच जणींचा कन्व्हर्टर तुंबलेला असतो एवढंच. इनलेटला व्हॅक्यूम गेज लावून २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा हळूहळू खाली येत गेला तर कन्व्हर्टर गेला. नवा घेताना कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मान्य केलेलाच घ्यावा लागेल. गाडी ज्या इंजिनासोबत आली तेच त्यात आहे का, याचीही खात्री करा. आणि तिथल्या कायद्याप्रमाणे ताजं स्मॉग सर्टिफिकेट देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. 'गाडी पास होते, तुम्हीच करून घ्या' असं तो म्हणाला, तर ते हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.